न धुतलेले नमुने

गल्लीत तिला सगळे धुणेवाली म्हणतात. आता गंमत बघा, त्या बाईने आयुष्यात दुसऱ्याचा एक रुमालसुद्धा धुतलेला नाही. ती खाणीतले नमुने घेते, आणि त्या कामात तिचा हात धरणारा आसपासच्या चार-पाच खाणींत कोणी सापडायचा नाही. पण नाव पडलं ते पडलं. समोरच्या शिवणकामवालीची नात परवा तिला तोंडावर म्हणाली, "धुणेवाली आजी, आमचा बॉल तुमच्या दारात आला का?" पोरीला कुठे ठाऊक, तो शब्द कुठून आला? बाईने बॉल दिला आणि दार जरा जोरातच लावलं.

तुम्ही म्हणाल, नमुने घेणं म्हणजे काय मोठं, चार दगड उचलायचे नि पिशवीत टाकायचे. हाच तो गैरसमज! खड्डा दोन पुरुष खोल असतो. आत उतरायचं, भिंतीवर वरच्या काठापासून तळापर्यंत एकसारखी रुंद, एकसारखी खोल खाच पाडायची. पडेल ते सगळं खाली ताडपत्रीवर झेलायचं. वर आणून फोडायचं, ढीग करायचा, ढिगाचे चार वाटे करायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे, दोन टाकून द्यायचे. उरलेलं पुन्हा फोडायचं, पुन्हा चार वाटे. असं करत करत शेवटी एक पिशवी उरते आणि त्या पिशवीत अख्खी भिंत आली पाहिजे. चांगला दगड, वाईट दगड, माती, धूळ, सगळं जसं आहे तसं. आपल्याला छान वाटलं म्हणून एक खडा जास्त घेतला की नमुना गेला. घाण वाटली म्हणून चिमूटभर माती झटकली तरी गेला.

हे तिला आज झोपेतही सांगता येतं. बावीस वर्षांची होती तेव्हा येत नव्हतं, आणि तिथेच तिचा घात झाला.

शहरापासून तासाभरावर एक पठार आहे. खाली सगळा काळा खडक, कधीकाळी ज्वालामुखीतून वाहत येऊन थिजलेला. त्यावर लाखो वर्षं ऊन-पाऊस झाला, वरचा थर कुजला आणि त्याचा लाल जांभा झाला. त्या जांभ्यात कुठे कुठे फिकट गुलाबी, हाताला हलका दगड सापडतो. वाटाण्याएवढे गोल दाणे असतात त्यात. तोच बॉक्साइट, त्याच्यापासून ॲल्युमिनियम काढतात. साठा मोठा नाही. इथे आहे तर दहा पावलांवर नाही, आणि त्याच्या अंगाला सगळीकडे चिकणमाती बसलेली. ती माती कारखान्याची वैरीण. मातीत सिलिका असते, आणि ती ठरावीक प्रमाणापलीकडे गेली की कारखाना माल दारातूनच परत पाठवतो.

तिचे वडील, आप्पा, त्या पठारावर खड्डे खणायला होते. त्यांनीच खाणीच्या केमिस्टसाहेबांना गळ घालून पोरीला नमुन्यांच्या कामावर चिकटवलं. केमिस्ट तेव्हा अडतीस-चाळीसचा, इस्त्रीचा शर्ट, बोलायला गोड. पठारावरचा साठा उत्तम आहे असं त्याने वरच्यांना आधीच सांगून ठेवलेलं होतं. आणि पहिले नमुने आले ते सिलिकेने भरलेले. साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. मग एके दिवशी तो खड्ड्याच्या काठावर येऊन तिला म्हणाला, "असा चिखल प्रयोगशाळेत चालत नाही. यापुढे सगळे नमुने स्वच्छ धुऊन पाठवायचे."

ती पोर काय करणार? साहेबांनी सांगितलं, आणि घरात आपण सगळं धुऊनच वापरतो की! तिने बादली घेतली, ब्रश घेतला आणि एकेक खडा असा घासला की आरसा म्हणून तोंड बघावं. मातीबरोबर सिलिकाही वाहून गेली. आकडे एकदम झकास आले. साहेबांची पाठ थोपटली गेली, खाण सुरू झाली, आणि पहिल्या पन्नास गाड्या कारखान्याने जशाच्या तशा परत पाठवल्या.

चौकशी नमुन्यांच्या पत्र्याच्या शेडमध्येच झाली. मोठे अधिकारी खुर्च्यांवर, कामगार भिंतीला टेकून उभे. केमिस्टने हातात तिचा तो ब्रश धरला होता. "ह्या पोरीने काय केलं माहीत आहे? घरची भांडी समजून नमुने घासले!" आधी अधिकारी हसले. मग शेडभर हसू फुटलं. ती ओरडून म्हणाली, "साहेब, तुम्हीच सांगितलं होतं ना!" पण त्या खिदळण्यात तिचं कोण ऐकतो? त्याच आठवड्यात तिला काढलं. केमिस्टला बढती मिळाली. धुणेवाली हे नाव त्या दिवशी शेडमधून निघालं ते ती घरी पोचायच्या आत गल्लीत पोचलं होतं.

घरी येऊन तिने आप्पांना सांगितलं, "आप्पा, मला त्यांनीच धुवायला सांगितलं. तुमची शपथ." आप्पा भिंतीकडे बघत म्हणाले, "जाऊ दे आता. झालं ते झालं." बस, एवढंच. नंतर सव्वीस वर्षांत त्या विषयावर चकार शब्द नाही. तिने त्याचा अर्थ एकच लावला: आप्पांनाही वाटतं, आपली पोर अडाणी, हिनेच घोळ घातला. केमिस्टचं बोलणं जिव्हारी लागलं होतंच. पण आप्पांचं ते "जाऊ दे" त्याहून खोल गेलं.

मग तिने डूख धरला. साधासुधा नाही. माणसं देवाचं नाव घेत नाहीत इतक्या नेमाने तिने त्या माणसाचं नाव घेतलं. रस्त्याच्या कामावर खडी फोडली, सिमेंटच्या कारखान्यात प्रयोगशाळेची भांडी घासली, तिथल्याच एका म्हाताऱ्या केमिस्टकडून नमुन्यांचं शास्त्र अक्षरशः ओरबाडून घेतलं. लग्नाचं दोनदा जमता जमता राहिलं. दोन्ही वेळा कोणीतरी शेडमधला किस्सा पुरवला होता. भाऊ दोघे आपापले संसार घेऊन लांब गेले. ती आणि आप्पा उरले. चाळिशीला ती एका तपासणी कंपनीत नमुने घेणारी म्हणून लागली आणि पाच वर्षांत अशी वेळ आली की दोन खाणवाल्यांत भांडण झालं, की दोघेही म्हणायचे, त्या बाईंना बोलवा.

तिला हवं होतं एकच. त्याने चारचौघांत खोटं सांगितलं होतं. त्याच तोंडाने त्याने खरं सांगावं, आणि ते आप्पांच्या कानावर पडावं. पैसा नको, माफी नको. माफीचं काय लोणचं घालायचंय?

आणि मग एका सोमवारी तिच्या हातात कामाची चिठ्ठी पडली. तेच पठार. पूर्वेच्या कडेला एक लहानसा साठा आहे, जुन्या लोकांच्या नजरेतून सुटला, असा अहवाल कोणा निवृत्त सल्लागाराने दिलेला. खरा असेल तर बंद पडलेली खाण पुन्हा उघडायची. म्हणून नऊ खड्ड्यांचे नमुने तिऱ्हाईताकडून घ्यायचे. खाली सल्लागाराची सही. ती सही तिला पाठ होती. तिच्या बडतर्फीच्या कागदावर तीच होती.

चिठ्ठीबरोबर एक फॉर्म होता. खाणीत तुमचे नातेवाईक आहेत का? नाही. खाणीत तुमचा हिस्सा आहे का? नाही. वैर आहे का, असा रकानाच नव्हता. मग तिने सही करून फॉर्म परत दिला.

केमिस्ट आता चौसष्टचा. केस गेलेले, शर्ट मात्र अजून इस्त्रीचा. पठारावर छत्रीखाली खुर्ची टाकून चहा पीत बसला होता. तिने हत्यारांची पिशवी खाली ठेवली, घाम पुसला आणि अगदी अदबीने म्हणाली, "नमस्कार साहेब. नमुने तसेच पाठवू, की स्वच्छ धुऊन?"

खड्डे खणणारे दोघे फिदीफिदी हसले, त्यांना वाटलं बाई थट्टेखोर आहेत. केमिस्ट हसला नाही. कप बशीवर ठेवताना चहा त्याच्या पँटवर सांडला. ओळखलं त्याने, ताबडतोब ओळखलं.

"तू... तुम्ही इथे?"

"पाठवलंय मला. खाच तुमच्यासमोर पाडीन, पिशवीवर दोघांची सही, लाखेचं सील तुमच्या डोळ्यांदेखत. नियमच आहे. बघत राहा हं, नीट बघा."

आणि तो बघत राहिला. काय सांगू तुम्हाला, डोळ्यांत तेल घालून बघत राहिला! तिने एकही काम नियम सोडून केलं नाही. फक्त प्रत्येक काम जरा सावकाश केलं. पहिल्या खड्ड्यात उतरण्याआधी तिने बादलीत हात धुतले, नियमच तसा आहे, पण धुताना नजर त्याच्यावर. दुसऱ्या दिवशी त्या शहाण्याने फर्मान काढलं की खड्ड्याच्या शंभर पावलांत पाण्याचा थेंब दिसता कामा नये. खणणाऱ्यांचा पिण्याचा माठसुद्धा लांब नेऊन ठेवला. ते बिचारे उन्हातान्हात पाण्यासाठी हेलपाटे घालून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते.

तिसऱ्या दिवशी तिने एक खडा जिभेला लावून पाहिला. जुने लोक तसंच बघतात, माती जास्त असेल तर खडा जिभेला चिकटतो. तिने खडा पाहिला, मान हलवली, "च्च" केलं.

"काय झालं, ताई?" तो खुर्चीतून उठलाच.

"काही नाही."

"मग च्च का केलंत?"

"दात दुखतोय, साहेब."

पाहिलंत ना, तीन दिवसांत 'ताई' झाली होती. सव्वीस वर्षांपूर्वी 'ए पोरी' होती.

पण खरी गोष्ट सांगायची तर तिचा दात ठणठणीत होता. खडा चिकटला नव्हता. दगड हलका होता, दाणे टपोरे होते, माती जवळजवळ नव्हतीच. चौथ्या खड्ड्यात तेच, पाचव्यात तेच. हा मेला खरा निघाला होता! साठा लहान, पण सोन्यासारखा. सव्वीस वर्षं ती ज्याला खोटारडा म्हणून दिवसातून दहादा शिव्या घालत आली, त्याच्या आयुष्यातली ही एकुलती एक खरी गोष्ट, आणि तिच्यावर शिक्का कोण मारणार? हीच! तिच्या पिशव्या प्रयोगशाळेत जाणार, आकडे उत्तम येणार, आणि पठार खोटं नव्हतं म्हणून हा माणूस छाती पुढे काढून फिरणार. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

सहाव्या खड्ड्याच्या तळाशी दगड संपून गुलाबी चिकणमाती लागली होती. नमुना दगडापुरता घ्यायचा, माती बाहेर ठेवायची, असं कामाच्या कागदात स्पष्ट लिहिलेलं. ती खाली एकटीच होती. वरून खणणाऱ्यांच्या गप्पा ऐकू येत होत्या, केमिस्ट सावलीला गेला होता. तिने मुठीत माती घेतली. थंडगार, लोण्यासारखी मऊ माती. अशा दोन मुठी ताडपत्रीवर पडल्या, चांगल्या कालवल्या, की खड्डा बाद. तीन खड्ड्यांत केलं की अहवाल बाद आणि साहेब बाद. कोणाला कळणार होतं? तिचा हात ताडपत्रीवर आला, आणि तिथेच थांबला.

तुम्हाला वाटेल, बाईला सज्जनपणा आठवला. छे! तिला संताप आला, आधीपेक्षा दुप्पट. हिने नमुने बिघडवले, असं तो शेडमध्ये सगळ्यांना सांगून बसला होता. ते खोटं होतं. आता हिने खरंच बिघडवले, तर सव्वीस वर्षांनी का होईना, त्याचं बोलणं खरं होणार. त्याचं खोटं खरं करून द्यायला ती काय त्याची मोलकरीण होती? तिने माती तळाला फेकली, हात पुसले आणि खाच अशी पाडली की कोणी मोजपट्टी लावून बघावं.

वर आली तेव्हा केमिस्ट काठावर उभा होता. तिच्या हाताला माती लागलेली त्याने पाहिली.

"हाताला माती कशी?"

"खड्ड्यात माती असते, साहेब."

"कुठली माती? तळाची? तुम्ही तळाची माती नमुन्यात घेतलीत का?"

"तुम्ही असता तर घेतली असती का?" तिने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता दगड फोडायला बसली.

त्या दिवसापासून माणसाची पाचावर धारण बसली. त्याने पिशव्यांची सीलं तीन-तीनदा तपासली. फोडताना उडालेले खडे वेचून दाखवले. चार वाटे करताना कुठले दोन ठेवायचे त्यावर हुज्जत घातली, तिने नाणं काढून त्याच्या हातात दिलं, "उडवा, छापा आला तर हे." सातव्या दिवशी त्याची दाढी वाढलेली होती आणि शर्टाला इस्त्री नव्हती. तिला इतकं बरं वाटलं की तिने त्या दिवशी खणणाऱ्यांना चहा पाजला. संध्याकाळी हत्यारं पुसता पुसता ती म्हणाली, "साहेब, तेव्हा खड्ड्याच्या काठावर तुम्ही मला जे सांगितलं, ते मला शब्दन्‌शब्द आठवतं. तुम्हाला आठवतं का हो?"

तो पिशव्या पुन्हा मोजायला लागला.

खोटं बोलून सुटलेल्या माणसाला एक व्याधी असते: त्याला सगळं जग आपल्यासारखंच वाटतं. आपल्याला संधी मिळाली असती तर आपण माती घातली असती, म्हणजे हिने घातलीच असणार. आठव्या दिवशी, पिशव्या गाडीत चढवायच्या आधी, केमिस्ट खाणीच्या मॅनेजरबाईंच्या ऑफिसात गेला. ह्या मॅनेजरबाई चाळिशीच्या, नव्याच आलेल्या, बोलायला तोडून टाकणाऱ्या. त्यांनीच नंतर धुणेवालीला सगळं सांगितलं.

"ह्या बाईचे नमुने रद्द करा," केमिस्ट म्हणाला. "ती माझ्यावर सूड उगवते आहे."

"सूड कशाचा? जुनी फाइल मी वाचली आहे. चूक तिची होती, काढली तिला. तुम्ही फक्त चूक दाखवून दिलीत. मग राग तुमच्यावर का?"

"आहे. तिला राग आहे."

"साहेब, आपल्याच चुकीसाठी कोणी सव्वीस वर्षं दुसऱ्यावर दात धरत नाही. कारण सांगा."

तो घाम पुसत म्हणाला, "कारण... कारण तेव्हाची परिस्थिती जरा वेगळी होती."

"वेगळी म्हणजे कशी? लेखी द्या. तोंडी सांगण्यावर मी नऊ खड्डे पुन्हा उपसणार नाही. काय वेगळं होतं ते लिहा, खाली सही करा."

पाऊण तास तो त्या खुर्चीत बसून होता. दोन कागद फाडले. तिसऱ्यावर लिहिलं. लिहिणार नाही तर करणार काय? न लिहावं तर हातचा साठा जातो, लिहावं तर नाव जातं. नाव जुनं झालं, आता कोण विचारतो, असा हिशेब त्याने केला असणार. लिहिलं ते असं: नमुने धुण्याची सूचना त्या वेळी मी स्वतः दिली होती, चौकशीत ती जबाबदारी संबंधित मुलीवर टाकण्यात आली, तिचा त्यात दोष नव्हता, त्यामुळे तिच्या मनात माझ्याविषयी वैर असणं स्वाभाविक आहे. सही, तारीख.

मॅनेजरबाईंनी धुणेवालीला आत बोलावलं. "तुमच्याविरुद्ध तक्रार आहे. नियमाप्रमाणे तुम्हाला नक्कल मिळेल आणि उत्तर द्यायचा हक्क आहे."

तिने कागद वाचला. दोनदा वाचला. केमिस्ट खिडकीबाहेर बघत होता.

"मला एकच मागायचंय," ती म्हणाली. "चौकशी झाली होती शेडमध्ये, सगळ्यांसमोर. हा कागदही तिथेच वाचला जावा. यांनीच वाचावा."

"हे नियमात नाही," केमिस्ट म्हणाला.

"नियमात बसत नाही असंही कुठे लिहिलेलं नाही," मॅनेजरबाई म्हणाल्या आणि त्यांनी घंटी वाजवली.

शेड तीच, पत्रे बदललेले. कामगार आले, ड्रायव्हर आले, ऑफिसातले कारकून आले. केमिस्टने वाचलं. पहिली दोन वाक्यं पुटपुटला. धुणेवाली मागून म्हणाली, "ऐकू येत नाही, साहेब." त्याने पुन्हा पहिल्यापासून वाचलं. कोणी हसलं नाही. पण प्रत्येक जण त्याच्याकडे बघत होता, आणि ते हसण्यापेक्षा वाईट होतं. तिला वाटलं होतं, हा क्षण आला की आपल्याला रडू फुटेल. कसलं रडू नि कसलं काय! गोड लागलं तिला. अगदी तोंडात साखर ठेवावी तसं गोड लागलं.

तक्रार झाली म्हणून मॅनेजरबाईंनी दुसरा नमुनेवाला बोलावला. त्याने नऊही खड्ड्यांत तिच्या खाचेच्या शेजारी स्वतःची खाच पाडली, आणि दोन्ही संच प्रयोगशाळेत गेले. तीन आठवड्यांनी आकडे आले. दोन्ही संच जुळले. साठा उत्तम. तिने काहीच बिघडवलं नव्हतं. केमिस्ट तोंड मिटून गप बसला असता, तर साठाही त्याचा होता आणि नावही. आता खाण उघडणार होती, पण ज्याने स्वतःच्या सहीने नमुने धुवायला लावल्याचं कबूल केलं त्याच्या नावाचा अहवाल कोण पुढे नेणार? पहिलं पान बदललं. त्याचं नाव काढून टाकलं. मॅनेजरबाईंनी फोनवर हे सांगितलं तेव्हा धुणेवाली बस थांब्यावर उभी होती. ती एकटीच इतकी मोठ्याने हसली की रांगेतली माणसं दोन पावलं सरकली.

कागदाची नक्कल तीन आठवडे तिच्या पिशवीत होती. आप्पांना दाखवली नव्हती. अर्धवट सांगायचं नव्हतं तिला. हिने खरंच माती घातली असेल, अशी शंका घ्यायला जागा नको होती. आज जागा उरली नाही.

दुपारचे तीन वाजले असतील. आप्पा दाराशी खुर्चीत बसले होते. एकोणऐंशी वर्षांचे, छाती खड्ड्यांतल्या धुळीने खाल्लेली, चार शब्द बोलले की दम लागायचा. तिने त्यांना पाणी दिलं, समोर स्टूल ओढलं आणि कागद वाचून दाखवला. सावकाश, एकेक शब्द. शेवटची सहीसुद्धा वाचली.

"ऐकलंत, आप्पा? त्याने सांगितलं होतं. मी आपल्या मनाने धुतले नव्हते. सव्वीस वर्षं तुम्ही..."

"छत्री होती त्याच्या हातात," आप्पा म्हणाले.

"कोणाच्या?"

"साहेबाच्या. काळी छत्री. मी खड्ड्यात खाली होतो. तुला म्हणाला, स्वच्छ धुऊन पाठव, काही झालं तर जबाबदारी माझी." त्यांनी दम घेतला. "खाली सगळं ऐकू येतं."

कागदात छत्री नव्हती. "जबाबदारी माझी" हे शब्दही कागदात नव्हते. ते फक्त तिच्या डोक्यात होते, कारण त्या दिवशी ते तिने ऐकले होते. आणि आता कळत होतं की खाली खड्ड्यातल्या माणसानेही ऐकले होते.

तिने कागदाची घडी घातली. घडी नीट बसेना, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली.

"तुम्हाला माहीत होतं."

"तुझे भाऊ शाळेत होते. तुला काढलं होतं. मी बोललो असतो तर मलाही काढलं असतं. खायचं काय होतं आपण? सांग ना, खायचं काय होतं?"

"मला तरी सांगायचं होतंत. घरात. भिंतींच्या आत."

"तुला सांगितलं असतं तर तू गप बसली असतीस?"

नसती बसली. हे तिलाही माहीत होतं. रस्त्यावर खडी फोडताना, सिमेंटच्या कारखान्यात, त्या पठारावर छत्रीखाली बसलेल्या माणसाकडे बघताना, ती जो राग एका माणसावर ओतत होती त्यातल्या निम्म्याचा धनी रोज तिच्याच घरात जेवत होता, आणि ती त्याला वाढत होती.

"आप्पा, शेडमध्ये तुम्ही होता. मागे, भिंतीला. सगळे हसले तेव्हा तुम्ही मान खाली घातली होती. मला वाटलं, माझी लाज वाटली तुम्हाला." ती थांबली. "तुम्ही हसला होता का?"

आप्पांनी पाण्याचा पेला उचलला, तोंडाला लावला, पाणी प्यायले नाहीत.

"हसला होता का, आप्पा?"

"साहेब आमच्याकडे बघत होते," आप्पा म्हणाले. "हसलो."

तिने आवाज चढवला नाही. उठली आणि दाराच्या दोन्ही फळ्या सताड उघडल्या. वाकून आप्पांची खुर्ची त्यांच्यासकट उचलली, ओढत ओढत उंबऱ्याबाहेर गल्लीत आणून ठेवली. समोरच्या शिवणकामवालीला हाक मारली. नळावरच्या बायकांना हाक मारली. वरच्या जिन्यावर पेपर वाचणाऱ्या म्हाताऱ्याला हाक मारली, तो तर शेडमध्ये खुद्द हजर होता आणि सगळ्यांत मोठ्याने हसला होता. माणसं गोळा झाली. काय झालं, आप्पांना बरं नाही का, डॉक्टर बोलवू का?

"काही झालं नाही," ती म्हणाली. "आप्पांना सांगायचंय तुम्हाला काहीतरी. बोला, आप्पा. मघाशी मला सांगितलंत तेच. छत्रीपासून."

"पोरी, कशाला आता..."

"बोला."

आप्पांनी सांगितलं. छत्री, खड्डा, साहेबाचे शब्द, स्वतःचं गप बसणं, स्वतःचं हसणं. मध्ये मध्ये दम लागत होता, तेव्हा ती थांबत होती, पाणी देत होती आणि पेला परत घेऊन पुन्हा समोर उभी राहत होती. शिवणकामवाली पदर तोंडाला लावून रडत होती. जिन्यावरच्या म्हाताऱ्याने पेपर तोंडासमोर धरला होता.

बोलून झाल्यावर आप्पांनी मान वर केली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"झालं? पुरे?"

"नाही," ती म्हणाली. "नळापाशी ऐकू गेलं नाही. पुन्हा सांगा."